ट्यूब स्क्रीमरचं वसईत काय काम?

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे तळहाताएवढी पत्र्याची डबी. वर तीन नॉब, पायाने दाबायचं एक बटण, आत लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात मिळतील असे सुटे भाग. पण तिच्यावरची समीक्षा वाचायला घेतली तर आपण उंची मद्याबद्दल वाचतोय असं वाटावं. हा पेडल 'उबदार' आहे, तो 'मलईदार', तिसरा 'दाणेदार', आणि सगळ्यात वरच्या पंगतीत बसलेला तो 'पारदर्शक'. ही विशेषणं डबीच्या अंगी जन्मजात असल्यासारखी लावली जातात. डबी कुठल्या गिटारनंतर आली, कुठल्या अ‍ॅम्पच्या आधी आली, तो अ‍ॅम्प कुठे ठेवलाय, समोर माणसं किती आहेत आणि शेजारी कोण गातंय, याचा उल्लेख आलाच तर ओझरता. वसई-विरारमध्ये गिटार वाजवणारी मुलं (आणि आता बऱ्याच मुली) पेडल निवडताना हीच समीक्षा वाचतात, ऐकतात आणि तिच्या भरवशावर पैसे खर्च करतात. म्हणून तिच्याबद्दल थोडं कडक बोलायला हवं.

आधी हा आवाज मुळात काय आहे ते पाहू. विजेच्या मंडलात मावेल त्यापेक्षा मोठा संदेश घुसवला की लहरींचे शेंडे कापले जातात. शेंडा कापला की मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर जन्माला येतात आणि आवाज दाट, खरखरीत, थोडा रडवेला होतो. इंजिनिअरच्या दृष्टीने हा बिघाडच. १९६१ साली मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिनचं गिटार असं फाटलेलं ऐकू येतं, ते स्टुडिओतल्या यंत्रातल्या दोषामुळे. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि हवा तो आवाज मिळवला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पुरता उघडला तर तो हे आपण होऊन करतो, आणि ब्लेडपेक्षा गोड करतो. अडचण एवढीच की तोवर शेजारी पोलिसांना फोन करतात. पेडल आला तो या अडचणीवर तोडगा म्हणून. १९७७ मध्ये बॉसचा ओडी-१, त्याच दशकाच्या अखेरीस आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर, १९८१ मध्ये बॉसचा एसडी-१. यातला ट्यूब स्क्रीमर, सुसुमु तामुरा या जपानी इंजिनिअरने आखलेली ती हिरवी डबी, गेली चाळीसहून अधिक वर्षं या विश्वाची तुळस आहे. तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

तिच्या आत काय चालतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथेच माझा मुद्दा आहे. ट्यूब स्क्रीमर साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या आवाजाला कमी ढकलतो, म्हणजे जाड तारांचा घुमारा फारसा फाटत नाही. फाटून झाल्यावर तो वरची टोकदार धारही घासून काढतो. खालून कमी, वरून कमी. उरतो तो मधला उंचवटा, माणसाने नाकातून गावं तसा. आता हा उंचवटा कोणाला हवा होता? फेंडरच्या साठच्या दशकातल्या अ‍ॅम्पना. त्यांचा टोन नियंत्रित करणारा भाग अशा पद्धतीने बांधलेला आहे की नॉब नेहमीच्या जागी कुठेही ठेवा, मधल्या पट्ट्यात खळगा पडतोच. एकट्या गिटारला तो खळगा सुंदर दिसतो, घंटेसारखा स्वच्छ आवाज येतो. बँडमध्ये मात्र गिटार त्या खळग्यात पडून गायब होतं. हिरव्या डबीचा उंचवटा बरोबर त्या खळग्यावर बसतो. शिवाय ती अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हना थोडं पुढे रेटते, आणि खरं फाटण्याचं काम व्हॉल्व्हच करतात. स्टीव्ही रे वॉनच्या हातात स्ट्रॅटोकास्टर, पायाशी ट्यूब स्क्रीमर आणि मागे मोठ्या आवाजात लावलेले फेंडर ही साखळी जगाने ऐकली आणि श्रेय दिलं ते साखळीतल्या सगळ्यात स्वस्त कडीला.

म्हणजे ट्यूब स्क्रीमर हे एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे. मार्शलमध्ये मधला पट्टा आधीच भरलेला असतो. तिथे वादक हाच पेडल वेगळ्या कामाला लावतात: ड्राइव्हचा नॉब जवळजवळ बंद, लेव्हलचा जवळजवळ पूर्ण, आणि डबीने फक्त खालचा घुमारा आवळून अ‍ॅम्पला धक्का द्यायचा. डबी तीच, पण एका घरी ती स्वयंपाकीण आणि दुसऱ्या घरी दरवाजा ढकलणारी. तिला 'मलईदार' म्हणायचं ते नक्की कुठल्या घरात?

हे झालं त्यांच्या अ‍ॅम्पचं. आपल्याकडे अ‍ॅम्प म्हणजे काय?

फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा अ‍ॅम्प सुमारे २९ किलोचा असतो. तो घेऊन सकाळच्या विरार लोकलमध्ये चढून दाखवावं. चढणाऱ्याचा सत्कार करायला मी येईन. नालासोपारा, विरार, वसई रोड इथून अंधेरीला, बांद्र्याला वाजवायला जाणारा वादक पाठीला गिटार आणि पुढे पेडलची पिशवी एवढंच नेऊ शकतो. अ‍ॅम्प पोचल्यावर तिथे जो असेल तो. सरावाच्या खोल्यांत बहुतेक ट्रान्झिस्टरवाले अ‍ॅम्प. त्यांना कितीही रेटा, व्हॉल्व्हसारखे ते विरघळत नाहीत. एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतात आणि मग एकदम कर्कश तुटतात. आणि सगळ्यात जास्त वेळा अ‍ॅम्प नसतोच. नंदाखाल असो, पापडी असो, निर्मळ किंवा गास, मराठी मिस्सेला साथ करणारा गिटारवाला आपली वायर थेट चर्चच्या मिक्सरमध्ये घालतो. मांडवात साऊंडवाला त्याच्या हातात एक जॅक देतो आणि 'चेक' म्हणतो. तीच गत गणपतीतल्या ऑर्केस्ट्राची, नवरात्रातल्या गरब्याची.

थेट मिक्सरमध्ये गेलेला ओव्हरड्राइव्ह ज्याने ऐकलाय त्याला तो विसरता येणार नाही. बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा तो आवाज येतो. वादक बिचारा डबीला दोष देतो, ती विकतो, दुसरी महागडी घेतो आणि भुंगा पुन्हा हजर. कारण साधं आहे. गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने ढेपाळतो. तो नुसता स्पीकर नाही, चाळणी आहे. शेंडे कापल्यामुळे निर्माण झालेला वरचा सगळा कचरा तो गाळून टाकतो. चर्चमधल्या किंवा मांडवातल्या स्पीकरला मात्र ट्वीटर असतो. पाद्रींचं प्रवचन किंवा आमदारांचं भाषण स्पष्ट कळावं म्हणून बसवलेला. तो पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं इमानाने वाजवतो, कचऱ्यासकट. तेव्हा अशा वादकाने पैसे आधी खर्च करायचे ते गिटारच्या स्पीकरची नक्कल करणाऱ्या छोट्या यंत्रावर. मल्टी-इफेक्टमध्ये ती सोय असतेच, सुटीही मिळते. ते नसेल तर साऊंडवाल्याशी गोड बोलून आपल्या चॅनलचा ट्रेबल पुरता खाली घ्यायला लावायचा. ओव्हरड्राइव्हची निवड त्यानंतर. इतक्या पेडल-परीक्षणांत ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात का नसते? कारण परीक्षण करणाऱ्याच्या खोलीत उत्तम अ‍ॅम्प असतो आणि त्यापुढे उत्तम माइक. आपला वाचक मांडवात उभा आहे हे त्याच्या गावीही नसतं.

गंमत म्हणजे फाटलेला आवाज इथल्या कानांना परका अजिबात नाही. हळदीच्या रात्री वाजणारा बेंजो आठवा. बुलबुलतरंगाला पिकअप बसवलेलं, टाइपरायटरसारख्या कळांचं हे वाद्य कोळी-आगरी वस्त्यांपासून मुंबईच्या गणेशोत्सवापर्यंत सगळीकडे आहे. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी त्यावर हिंदी सिनेमाही काढला. बेंजो ढोल-ताशांच्या वर ऐकू यायला हवा, म्हणून अ‍ॅम्पचा नॉब शेवटपर्यंत. आवाज तुटतो, चिरकतो, आणि त्या चिरकण्यातच त्याची नशा आहे. तिथे भुंगा का होत नाही? कारण जुन्या बेंजो पार्टीचा भोंगा खालचा बेस आणि अगदी वरचं टोक, दोन्ही नीट वाजवूच शकत नाही. भोंगा हीच त्याची चाळणी. मधला पट्टा तेवढा उरतो आणि तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे ट्यूब स्क्रीमरच्या इंजिनिअरने मंडलाची आखणी करून जे साधलं, त्याच्या बरंच जवळ बेंजोवाले भोंग्यामुळे आपोआप पोचले होते. त्यावर कोणी 'मलईदार' असं परीक्षण लिहिलं नाही एवढंच. हल्ली भोंगे जाऊन ट्रकवर मोठे स्पीकर आले, त्यांना ट्वीटर आले, आणि काही बेंजोंचा आवाज कानाला टोचू लागला तो याच कारणाने, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरी तुलना थोड्या वरच्या घरातली आहे. तंबोऱ्याची जवारी. घोडीचा माथा बारीक घासून, तारेखाली दोरा सरकवून मिरजेचा कारागीर जे करतो, तेही मूळ स्वरातून उपस्वरांची झालर बाहेर काढणंच असतं. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे उशिरा झालं, पण झालं.) तिथे कोणी 'सर्वोत्तम जवारी कोणती' असं विचारत नाही. विचारतात ते गाणारा कोण, पट्टी कोणती, जवारी खुली हवी की बंद. पेडलच्या चर्चेत ही साधी शिस्त असती तर अर्धे वाद संपले असते.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर गंधाराबद्दल बोलायलाच हवं. चर्चच्या गायनवृंदात गिटार वाजवणाऱ्याची खरी गोची तिथे आहे. चांगला लागलेला तंबोरा षड्जाच्या तारेतून गंधार ऐकवतो. तो शुद्ध गंधार, षड्जाशी पाचास चार या नात्याचा. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मात्र समान अंतरांच्या सप्तकातला, थोडा चढा. साध्या, न फाटलेल्या आवाजात आपण ते चालवून घेतो. ओव्हरड्राइव्ह चालवून घेत नाही. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर तयार होतो. षड्ज ४०० हर्ट्झचा आणि शुद्ध गंधार ५०० चा असेल तर वजाबाकी १००, म्हणजे तोच षड्ज दोन सप्तकं खाली. छानच. पण गिटारचा गंधार ५०४ च्या आसपास असतो. वजाबाकी १०४. हा कुठलाच स्वर नाही. षड्जापेक्षा अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांश इतका चढलेला तो एक घोगरा पाहुणा आहे, आणि तो खर्जात बसून गुरगुरत राहतो. पंचमाचं तसं नाही. गिटारचा पंचम जवळजवळ शुद्ध असतो, ६०० च्या जागी ५९९ पेक्षा थोडा जास्त, म्हणून वजाबाकीही जवळजवळ जागेवर पडते. रॉकवाले गंधार गाळून नुसते षड्ज-पंचम का वाजवतात, त्याचं मूळ इथे आहे. त्यांना बंडखोरी दाखवायची असते हे कारण दुय्यम.

स्तोत्रांच्या साथीला मात्र पूर्ण कॉर्ड लागतात, गंधारासकट, कारण गाणं मेजर की मायनर हे तोच सांगतो. मग ड्राइव्ह वाढवून सहा तारा छेडल्या की वृंदातल्या बायका सूर लावायला चाचपडतात. 'गिटारचा आवाज जास्त झाला' अशी तक्रार येते आणि आवाज कमी केला जातो. खरं तर कमी करायचा असतो ड्राइव्ह. अशा वादकासाठी माझं मत ठाम आहे: ज्याचा ड्राइव्ह अगदी तळापर्यंत नेता येतो आणि तिथेही जो जिवंत वाटतो, असा पेडल घ्यावा. बॉसचा ब्लूज ड्रायव्हर, बीडी-२, १९९५ चा, या कामाला मला हिरव्या डबीपेक्षा उजवा वाटतो. तो हलक्या हाताला हलकं उत्तर देतो, मधला पट्टा नाकात चढवत नाही आणि कॉर्डमधल्या तारा वेगवेगळ्या ऐकू येऊ देतो. त्याची वरची धार तीक्ष्ण आहे, उघड्या ट्वीटरपुढे ती टोचेल, म्हणून चाळणीची अट कायम.

लग्नाच्या बँडबरोबर वाजवणाऱ्याचं गणित उलटं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मधला पट्टा बळकावून बसलेले असतात. तिथे ट्यूब स्क्रीमरचा उंचवटा त्यांच्या अंगावर जाऊन आदळतो, दोघांचंही नुकसान. हा वादक थोडा वर, ट्रम्पेटच्या कानामागून वाजला तर बरा. याउलट कीबोर्डवाला दोन्ही हातांनी खाली-वर सगळं भरून टाकतोय आणि गिटारला फक्त दोन कडव्यांमधला तुकडा वाजवायचाय, तर तोच उंचवटा देवासारखा धावून येतो. ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्यांना एसडी-१ पुरतो असं मी म्हणेन. तो लहरीचे वरचे आणि खालचे शेंडे सारखे कापत नाही, त्यामुळे त्याची खरखर थोडी ओबडधोबड, जुन्या यंत्रासारखी लागते. शिवाय स्वस्त आहे आणि मांडवातल्या चिखलात पडला तरी मोडत नाही.

'पारदर्शक' या शब्दाचा हिशेब राहिला. हा शब्द क्लॉन सेंटॉरच्या निमित्ताने फार पसरला. अमेरिकेतल्या बिल फिनेगनने १९९४ मध्ये तो बाजारात आणला. आतलं मंडल कोणाला दिसू नये म्हणून त्याने त्यावर काळा राळेसारखा थर ओतला. कथा तिथेच सुरू झाली. आज मूळ क्लॉन हजारो डॉलरना विकला जातो आणि त्याच्या नकला डझनांनी मिळतात. तो 'पारदर्शक' आहे म्हणे, म्हणजे गिटारचा मूळ आवाज जसाच्या तसा ठेवून फक्त मोठा करतो. मोजून पाहिलं तर त्यातही मधला उंचवटा आहेच. फाटलेल्या आवाजात न फाटलेला मिसळण्याची त्याची युक्ती खरोखर हुशारीची आहे, त्यामुळे ताराही स्पष्ट राहतात. पण आवाज बदलायला विकत घेतलेल्या वस्तूची सर्वोच्च स्तुती 'ती काही बदलत नाही' अशी करायची, हा समीक्षेचा दिवाळखोरपणा आहे. हा शब्द वाचकाला काहीच सांगत नाही. तो लिहिणाऱ्याच्या कानाची खानदानी तेवढी सांगतो. आपल्याकडे संगीत समीक्षेत 'घरंदाज' शब्दाचं जे झालं, तेच तिकडे या शब्दाचं झालंय.

गिटारबद्दल फार लांबवत नाही. सिंगल कॉइल पिकअपचा आवाज पातळ आणि चकचकीत, हंबकरचा जाड आणि जोरकस. हंबकर त्याच पेडलला जास्त जोरात ढकलतो, म्हणून एकाच्या गिटारवर 'मलई' लागलेला नॉब दुसऱ्याच्या गिटारवर चिखल होतो. पण वसई-विरारपुरता आणखी एक फरक आहे. सिंगल कॉइल विजेची घरघर पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास हंबकर शोधला तो मुळात ती घालवण्यासाठी. मांडवात जनरेटर, डिमरवरच्या दिव्यांच्या माळा, जमिनीत नीट न गेलेलं अर्थिंग. अशा ठिकाणी ओव्हरड्राइव्ह सुराइतक्याच प्रेमाने ती ५० हर्ट्झची घरघरही वाढवतो. मांडवात वाजवणाऱ्याने हंबकरवाली गिटार न्यावी आणि ड्राइव्ह निम्म्याने कमी ठेवावा. पेडलच्या साखळीला एकाच स्वस्त अडॅप्टरवरून वीज देणाऱ्यांनी एकदा नऊ व्होल्टची बॅटरी लावून ऐकावं. घरघरीतला किती वाटा अडॅप्टरचा होता ते लगेच कळेल.

दुकानात ऐकून पेडल घेणं हा प्रकार मला जवळपास निरुपयोगी वाटतो, आणि घरी हलक्या आवाजात ऐकून निवडणं त्याहून धोक्याचं. हलक्या आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. घरी आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, मधला पट्टा कंटाळवाणा वाटतो म्हणून कमी करतो. तोच नॉब मोठ्या आवाजात लावला की बेस खोलीभर पसरतो, ट्रेबल कानात घुसतो आणि गिटार मात्र कुठे गेलं कळत नाही. ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी पेडल मागून आणावा. आपल्या भागात सगळे वादक एकमेकांना ओळखतात, तेवढा फायदा घ्यायला हरकत नाही. रविवारची मिस्सा संपल्यावर गायनवृंदातल्या एकीला थांबवावं, नेहमीच्याच मिक्सरला, नेहमीच्याच आवाजात वायर लावावी. ती गात असताना कोणाला तरी साथ करायला बसवून स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन उभं राहावं. पेडल चालू-बंद करायला लावावा. तिथून तिचे शब्द कळेनासे झाले की ड्राइव्हचा नॉब घड्याळातल्या दहावरून आठवर आणायला सांगावा, आणि पुन्हा ऐकावं.